न फिरलेली लाल चकती

तलावाची निगा राखणाऱ्या पाणीवाल्यांच्या घरी दुसरी मुलगी झाली, त्याच वर्षी मी या तलावावर आले. बाळाला बघून ते दवाखान्यातून परस्पर कामावर आले होते आणि दारात माझं खोकं पडलं होतं. "आज एकाच दिवशी दोघी आल्या म्हणायच्या," असं म्हणत त्यांनी खोक्याच्या फळ्या उचकटल्या. त्यामुळे माझं वय विसरायची मला सोयच नाही. त्यांच्या धाकटीचं जे वय, तेच माझं.

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. कपडे वाळत घालायची नव्हे आणि विहिरीवरचीही नव्हे. पोहण्याच्या शर्यतीत दोन लेनच्या मधोमध जी ताणून बांधतात, ती. माझ्या पोटातून पिळाची तार जाते. तारेत प्लास्टिकच्या चकत्या ओवलेल्या असतात. मधल्या चकत्या निळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही टोकांच्या लाल. लाल रंग दिसला की पोहणाऱ्याने समजायचं, भिंत जवळ आली. लाट आली की चकत्या गरगर फिरतात, लाट मोडते आणि शेजारच्या लेनमधलं पाणी ढवळत नाही. एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण जन्मभर ताणलेलं राहायचं म्हणजे काय, ते ताणलेल्यालाच ठाऊक.

खरं सांगते, मी फार भित्री आहे. कारखान्यात आम्हाला यंत्रावर ताणून पाहत. माझ्या पुढची दोरी तुटली. तिची तार चाबकासारखी उडाली आणि भिंतीला चर पाडून गेली. कारागीर पटकन मागे सरले. एक जण म्हणाला, "वाचलो बुवा!" मग त्यांनी मला यंत्रावर चढवलं. मी टिकले, पण तो आवाज माझ्या अंगातून कधी गेला नाही.

इथे आवारात दोन तलाव आहेत. पुढचा मोठा, भोवती बाकांच्या रांगा असलेला. मागचा तेवढाच लांब, पण सरावाचा. त्याची फरशी ठिकठिकाणी उडालेली आणि छताचा एक पत्रा वाऱ्याने वाजणारा. मला मागच्या तलावात बांधलं. पाणीवाले रोज पाण्यात औषध घालत, जाळीने कचरा काढत, आठवड्यातून एकदा मला बाहेर ओढून ब्रशने माझी एकेक चकती घासत. चकती अडकली तर नखाने क्षार खरवडून ती फिरेपर्यंत सोडत नसत. गंमत अशी की त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. गळ्याएवढ्या पाण्यापुढे ते कधी गेले नाहीत. लोक हसले की म्हणत, "हलवायाने सगळी मिठाई स्वतःच खायची असते का?"

त्यांच्या मुली मात्र पाण्यातच वाढल्या. मोठीला सगळे ताई म्हणत. ती मासोळीसारखी सरळ जायची. धाकटीचं वेगळंच. शाळेत जायला लागली तरी ती मला घट्ट धरून लोंबकळत असे.

"सोड," ताई म्हणायची.

"नाही सोडत."

"अगं, तुझ्यामुळे सगळी रांग खोळंबलीय."

"खोळंबू दे."

तिची बोटं माझ्या टोकाच्या लाल चकतीवर होती. इतकीशी बोटं, पण भीतीने केवढी आवळलेली! मला तिचं समजत होतं. दोघी सारख्याच होतो आम्ही.

शेवटी ताईने डोकं चालवलं. "बरं, नको सोडूस. मी त्या टोकाला जाते. तू ठीक असलीस तर ही लाल चकती फिरव. मला तिकडून दिसेल. फिरली नाही, तर मी येईन."

"लगेच?"

"लगेच."

"बाबा ओरडले तरी?"

"बाबा ओरडले तरी."

ताई दुसऱ्या टोकाला पोचली आणि वळून पाहू लागली. धाकटीने मुद्दामच चकती फिरवली नाही. ताई धापा टाकत परत आली. बघते तर बाईसाहेब खुदखुदत होत्या. ताईने तिच्या टोपीवर एक टपली मारली. "पुन्हा असं खोटं केलंस तर येणार नाही हं." पण धाकटीने परत कधी खोटं केलं नाही. मग एके दिवशी एका हाताने चकती फिरवताना तिचा दुसरा हात सुटला आणि ती पोहायला लागली. कधी सुटला, तिचं तिलाही कळलं नाही. मला कळलं.

तेव्हापासून ती त्या दोघींची रीतच झाली. पोहून झालं की भिंतीला हात लावायचा, मला धरायचं आणि लाल चकती फिरवायची. म्हणजे ‘मी ठीक आहे’. दुसरीने तिकडे एकदा पाहायचं. संपलं. बाकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मुली मोठ्या झाल्या. देशाच्या रिले संघात दोघींची निवड झाली. रिले म्हणजे चौघींची मिळून एक शर्यत. एकीने जाऊन परत यायचं, तिचा हात भिंतीला लागला की दुसरीने ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या उंच ओट्यावरून, झेप घ्यायची. पहिली पोहायची ती उंच मुलगी. तिला सगळे जिराफ म्हणत. दुसरी रेडिओ, कारण तिचं तोंड बंद होत नसे. तिसरी धाकटी आणि शेवटची ताई.

त्यांच्या प्रशिक्षक बाई कडक होत्या. काठावर फेऱ्या मारत त्या बजावत, "रिलेत दोन प्रकारे सगळं मुसळ केरात जातं. एक, येणारीचा हात भिंतीला लागायच्या आत तुमचे पाय ब्लॉकवरून सुटले तर. दोन, आपलं पोहून झालं म्हणून आनंदाने पाण्यात उड्या मारल्यात तर. सगळ्या संघांची शेवटची मुलगी भिंतीला लागेपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही. पायाचं बोटसुद्धा बुडवायचं नाही."

"आणि तहान लागली तर?" रेडिओ विचारायची.

"तर तोंड मिटून बसायचं. तेवढंच आमच्या कानांना सुख."

पहिल्या मोठ्या स्पर्धेला त्या परदेशी गेल्या. मी इथेच होते. परत आल्या तेव्हा धाकटी मागच्या तलावाच्या काठावर पाय सोडून बसली. झालं होतं असं, की रेडिओ भिंतीपाशी पोचते न पोचते तोच धाकटीचे पाय ब्लॉकवरून सुटले होते. पापणी लवायला लागतो तेवढासुद्धा वेळ नाही. पण यंत्राने ते टिपलं. संघ बाद झाला. तिसरा आलेला संघ!

"पायांना स्प्रिंग लावली होतीस का गं?" रेडिओने विचारलं. थट्टेच्या सुरात विचारलं खरं, पण तिचे डोळे थट्टेचे नव्हते.

त्या दिवसापासून धाकटीच्या पायांत भीती शिरली. सरावात ती ब्लॉकवर उभी राही आणि रेडिओचा हात भिंतीला लागल्यावरही तशीच उभी राही. "अगं, उडी मार! उद्याचं तिकीट काढलंयस का?" बाई ओरडत. मग ती पडल्यासारखी पाण्यात पडे. पोहत जाताना तिचा खांदा मला घासून जाई आणि त्यातली थरथर माझ्या सगळ्या चकत्यांमधून पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचे.

पुढची मोठी स्पर्धा आमच्याच पुढच्या तलावात ठरली. ती जवळ आली तशी मला आणखी एक भीती लागली. ताईची. एकदा कठीण सरावानंतर ताई मला धरून थांबली. तिचं मनगट माझ्या लाल चकतीवर टेकलं होतं. नाडी नीट चालत होती. मग ती अडखळली, दगडावरून चाक जावं तशी. आणि मग एकदम सैरावैरा धावली.

"ताई, तुझे ओठ निळे पडलेत," धाकटी म्हणाली.

"पाणी गार आहे."

"माझे नाही पडले."

"तू म्हैस आहेस."

धाकटी हसली नाही. "बाबांना सांगते मी."

"काही सांगू नकोस. उगाच घाबरतील. शर्यत होऊ दे, मग दाखवते डॉक्टरांना. शप्पथ. हे बघ." आणि ताईने चकती फिरवली. चकती गरगर फिरली, पण मित्रांनो, तिच्या बोटांत जोर नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं. दोरीला तोंड कुठलं?

स्पर्धेचा दिवस उजाडला. मी मागच्या तलावात बसून लाउडस्पीकर ऐकत होते. दुपारी पाणीवाले धावतच आले. चौथ्या आणि पाचव्या लेनमधल्या कोऱ्या दोरीच्या तारेचे धागे सुटले होते आणि बदली म्हणून ठेवलेली दोरी लांबीला कमी भरली. त्यांनी मला सोडवलं. माझ्या टोकाशी तारेचा एक धागा केव्हाच तुटलेला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि हलकेच म्हणाले, "आजचा दिवस धर गं बाई. माझी अब्रू तुझ्या हातात आहे."

मला हात नव्हते. होती ती एक गंजलेली तार आणि पोटभर भीती.

पुढच्या तलावात केवढा उजेड आणि केवढा आवाज! पाणीवाल्यांनी पान्याने मला आवळलं. आणखी आवळलं. कारखान्यातला तो आवाज मला आठवला. पंचांनी त्यांना माझ्या टोकापाशीच उभं राहायला सांगितलं, न जाणो काही झालं तर. ते हातात पाना धरून उभे राहिले.

आणि चौघींना लेन मिळाली ती चौथी. माझ्याच कडेची.

शिटी झाली. जिराफ निघाली. तिचे लांब हात मला लागू नयेत म्हणून मी अंग चोरत होते. ती दुसऱ्या क्रमांकावर परत आली. रेडिओने जीव तोडून पोहत संघाला पहिलं आणलं. भिंत जवळ येत होती. ब्लॉकवर धाकटी वाकून उभी होती. ती रेडिओच्या हाताकडे बघत होती, आणि मला ठाऊक होतं, तिला तो हात दिसत नव्हता. तिला मागच्या वेळचा हात दिसत होता.

रेडिओचा हात भिंतीला लागला. धाकटी हलली नाही.

"जा!" बाई किंचाळल्या.

ती गेली, पण तोवर शेजारच्या तिघीजणी पाण्यात पोचल्या होत्या. धाकटी रडत पोहत होती. गॉगलच्या आत पाणी भरलं होतं, ते तलावाचं नव्हतं. तिने जाऊन परत येऊन भिंतीला हात लावला तेव्हा संघ पाचवा होता. ताई तिच्या डोक्यावरून झेपावली. धाकटी वर चढून काठावर उभी राहिली.

"माझ्यामुळे," ती म्हणत होती. "परत माझ्यामुळे."

"गप. ताई बघ," जिराफ म्हणाली.

ताई अशी कधी पोहली नव्हती. जाताना तिने एकीला मागे टाकलं. वळताना दुसरीला. परतीच्या वाटेवर तिच्या लाटांनी माझ्या चकत्या अशा फिरल्या की मला घेरी आली. माझ्या पोटात टक् झालं. तारेचा आणखी एक धागा तुटला. मी मनात म्हटलं, आता नको, आता नको. पाणीवाल्यांनी तो आवाज ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

ताईचा हात भिंतीला लागला. दुसरी! सारे बाक उभे राहिले. रेडिओने जिराफला मिठी मारली. बाईंनी दोन्ही हात आडवे धरून मुलींना अडवलं. "पाण्यात नाही! आठव्या लेनची अजून यायचीय! कुणी हलायचं नाही!"

आठव्या लेनमधली मुलगी अजून दूर होती. दमून, हळूहळू येत होती बिचारी.

ताईने मला धरलं. तिचं मनगट लाल चकतीवर आलं. मी नाडी शोधली. एक ठोका. मग काही नाही. मग दोन घाईघाईने. मग बराच वेळ काहीच नाही. तिची बोटं सैल पडत होती. वरून बघणाऱ्याला वाटलं असेल, पोरगी दमली, विसावलीय. जीवरक्षक आठव्या लेनकडे बघत होता. सगळे निकालाच्या फलकाकडे बघत होते. मी एवढी भ्यालेली कधीच नव्हते. मी तुटले असते तरी चाललं असतं, पण कुणी तरी इकडे बघा!

धाकटी बघत होती. तिला फलक नको होता. ती लाल चकतीकडे बघत होती.

चकती फिरली नाही.

"बाई, ताई..."

"थांब म्हटलं ना! पदक आहे, वेडे!" बाईंनी तिचं मनगट पकडलं.

"चकती फिरली नाही!"

"कसली चकती?"

आठव्या लेनची मुलगी अजून पोचलेली नव्हती. धाकटीने एकदा तिकडे पाहिलं. दोन वर्षं ती ज्या गोष्टीला भीत होती, ती गोष्ट तिच्या पायांशी होती. उडी मारली तर संघ पुन्हा बाद, पुन्हा तिच्यामुळेच. आणि या वेळी यंत्राने टिपायचीही गरज नव्हती. सगळं जग बघत होतं.

ताईची बोटं माझ्यावरून घसरली. ती आवाज न करता खाली गेली.

धाकटीने हात हिसडला आणि उडी मारली. या वेळी तिचे पाय जराही थबकले नाहीत.

"पुन्हा तूच!" रेडिओ ओरडली. मग तिने पाण्यात पाहिलं आणि ती जीवरक्षकाला हाका मारू लागली. पाणीवाल्यांच्या हातून पाना फरशीवर पडला. ज्याला पोहता येत नाही असा बाप काठावर गुडघे टेकून नुसता हात पुढे करून बसला. धाकटी ताईला घेऊन वर आली. एक हात ताईच्या काखेत, दुसरा माझ्यावर. दोघींचं सगळं वजन माझ्यावर आलं. तिसरा धागा तुटला. उरलेल्यांना मी म्हटलं, तुम्ही सुटलात तर मी तुम्हाला कधी क्षमा करणार नाही. ते सुटले नाहीत. मग जीवरक्षक आला, डॉक्टर आले, ताईला फरशीवर निजवलं, छातीवर दाब दिला. बऱ्याच वेळाने ताई खोकली. आठव्या लेनची मुलगी तोवर पोचली होती आणि सगळे गप्प का, ते तिला कळत नव्हतं.

पंचांनी बराच वेळ चर्चा केली. बाईंनी हात जोडले. पण नियमात अशा प्रसंगाची सोय नव्हती. संघाचं नाव फलकावरून गेलं.

मला परत मागच्या तलावात आणलं. रेडिओ काही दिवस कुणाशी बोलली नाही. एका दुपारी ती एकटीच आली, पाणीवाल्यांच्या हातून ब्रश घेतला आणि माझ्या चकत्या घासत बसली. तेवढ्यात ताई आली, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून, जपून चालत.

"माझं पदक घालवलंस," ताई म्हणाली.

"तू चकती नाही फिरवलीस."

"हात उचलेना गं."

"म्हणून आले."

"बाई ओरडल्या असतील ना?"

"ओरडल्या."

ताई हसली. मग दोघी रडल्या. रेडिओने नाक ओढलं आणि म्हणाली, "झालं का तुमचं? तलाव आधीच भरलेला आहे." तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी ताईच्या शर्यती बंद केल्या. काळजाचं दुखणं होतं, जन्मापासूनचं. औषधं घेत, सांभाळून राहिली तर जगेल, म्हणाले. ताई लहान मुलांना पोहायला शिकवू लागली. पाणीवाल्यांनी माझी तार बदलून घेतली. कितीक भेदरलेली बोटं मग माझ्यावर आवळली गेली! ताई सगळ्यांना तेच सांगायची: ठीक असलास तर चकती फिरव, नाही फिरवलीस तर मी येईन. धाकटीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, तीही ताईकडेच शिकली.

मग पाणीवाले निवृत्त झाले. नवे लोक आले. त्यांना चकत्या घासायला वेळ नव्हता. क्षार चढले, चकत्या अडकल्या, आणि एक दिवस मला गुंडाळून पंपाच्या खोलीमागे टाकलं. तिथे अंधार आहे, ओल आहे. पाल माझ्या निळ्या चकत्यांवर अंडी घालते. पंप सुरू झाला की मी दचकते. इतकी वर्षं ताणलेली होते म्हणून घाबरत होते. आता कुणी ताणत नाही, तर त्याचीच भीती वाटते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वस्तू जुनी झाली तरी तिला अधूनमधून घासा, पुसा, हलवून बघा. आणि माणसांचंही तसंच. शर्यत संपली, टाळ्या सुरू झाल्या की सगळे फलकाकडे बघतात. तुम्ही पाण्यात कोण राहिलंय ते बघा. कुणी नेहमीची खूण केली नाही, तर विचारत बसू नका. जा. कुणी ओरडलं तरी जा.

परवा दार उघडलं. धाकटी आली होती. तिच्या केसांत पांढरे दिसू लागलेत. तिची मुलगी दाराशीच थांबली, आत पाल आहे म्हणून. धाकटी माझ्यापाशी उकिडवी बसली. तिने माझं टोक शोधलं. पदराने लाल चकती पुसली, नखाने क्षार खरवडले, बापासारखेच. मग तिने चकतीवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. चकती आता मोकळी झाली होती. नुसतं बोट लावलं असतं तरी फिरली असती. तिने फिरवली नाही.

दारातून मुलगी बघत होती. पाल विसरून ती लगेच आत आली आणि आईच्या गळ्यात पडली.

ताई गेली, हे मला त्या दोघींच्या बोलण्यातून कळलं. धाकटीची मुलगी पहिलीत होती त्या वर्षी, उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी, घरी, झोपेत.